पेवातल्या बाटल्या

लग्न होऊन मी सांगली जिल्ह्यात आले तेव्हा मला मॅट्रिक होऊन दोन वर्षं झाली होती. माहेर सातारा जिल्ह्यातल्या कोरेगावचं. सासर तासगावच्या पूर्वेला, जतच्या बाजूला जावं तसा माळ उजाड होत जातो त्या अंगाचं. आमचे हे फौजेत होते. लग्नाची सुट्टी संपली आणि अठराव्या दिवशी ते आसामकडे आपल्या पलटणीत परत गेले. घरात उरलो आम्ही तिघं, सासरे, सासू आणि मी. धाकटे दीर सांगलीला कॉलेजात होते, ते शनिवारी येत आणि सोमवारी पहाटे जात.

सासऱ्यांना मी मामा म्हणायचे, सासूबाईंना आत्या. मामा फौजेतून सुभेदार होऊन घरी आलेले. तरुणपणी मोठ्या लढाईत आफ्रिकेत गेले, तिथं पकडले गेले आणि पुढं इटलीत कैदेत होते, एवढं मला लग्नाआधी सांगण्यात आलं होतं. डावा गुडघा वाकत नसे. उंच, ताठ, बोलणं मोजकं. गावात त्यांचा दरारा होता, पण तो आरडाओरड्याचा नव्हता. ते बोलायला लागले की माणसं आपोआप गप्प व्हायची.

विहिरीजवळ अर्ध्या एकरात त्यांचा द्राक्षाचा मांडव होता. त्या वर्षांत आमच्या भागात द्राक्षं नवीन होती, सगळे पांढरी लावायचे. मामांनी दोन ओळी काळ्या द्राक्षाच्या लावल्या होत्या. वेली बेंगलोरच्या बाजूनं आणलेल्या. बाजारात त्या द्राक्षांना कुणी विचारत नसे. सालीला जाड, आत बिया. लोकांना वाटायचं सुभेदारांचा छंद आहे.

तो छंद काय आहे ते मला लग्नानंतरच्या पहिल्या फाल्गुनात कळलं. मामांनी काळी द्राक्षं घरी आणली, आत्यांच्या भाकरी थापायच्या काथवटीत हातानं चुरगाळली आणि चिनीमातीच्या मोठ्या बरण्यांत भरली. तोंडाला फडकं बांधलं. दोन दिवसांत बरण्या आतून खदखदायला लागल्या. आंबिलासारखा, पिकून काळ्या पडलेल्या केळासारखा वास घरभर झाला. आत्या सकाळ-संध्याकाळ धूप जाळायच्या, म्हणजे शेजारी तो वास जाऊ नये. मी विचारलं तर त्या म्हणाल्या, "मामास्नी इचार."

मामा त्याला 'विनो' म्हणत. इटलीत शिकलेला शब्द. आम्ही घरात 'रस' म्हणायचो, कारण दुसरा कुठलाच शब्द मोठ्यानं उच्चारायचा नव्हता. फौजेतले पेन्शनर म्हणून मामांना कँटीनमधून रम मिळे, तिचं परमिट होतं, ती ते उघड्या कपाटात ठेवत आणि पाहुण्यांना देत. पण घरी वाईन करणं हा गुन्हा होता. त्याला कुठलं परमिट नव्हतं. हे मामांनी मला एकदाच सांगितलं, समोर बसवून. हेही सांगितलं की ते ती विकत नाहीत, कुणाला देत नाहीत, स्वतःही रविवारी जेवताना अर्धा पेला घेतात, बस्स. त्यांना ती तीन वर्षं ठेवून बघायची होती. नीट ठेवली तर तिचं काय होतं ते बघायचं होतं.

ठेवायची जागा म्हणजे पेव. आमच्याकडे ज्वारी साठवायला जमिनीत खणलेलं कोठार असतं, त्याला पेव म्हणतात. आमचं पेव सोप्यातच, म्हणजे घराच्या पुढच्या ओसरीसारख्या भागातच होतं. वर एका माणसाचं अंग जाईल एवढं तोंड, त्यावर दगडी फरशी. आत दोन पुरुष खोल आणि खाली रुंद होत गेलेलं, रांजणासारखं. ज्वारी पोत्यांत ठेवायची पद्धत सुरू झाली तसं ते रिकामं पडलं होतं. चैत्र-वैशाखात माळवदाखाली माणूस भाजून निघायचा, पण पेवात बारा महिने तोच गारवा. मामा म्हणायचे, याच्यापेक्षा चांगली जागा गावात तरी नाही.

मामांचा गुडघा वाकत नव्हता, त्यामुळे त्यांना शिडीवरून उतरता येत नसे. आत्यांचं मनगट मोडून वाकडं बसलेलं. गड्याला सांगावं तर बोभाटा. मी अंगानं बारीक होते. लग्नात माझ्या आईला कुणीतरी म्हणालंही होतं, पोरगी फारच किरकोळ आहे. त्या किरकोळपणाचा उपयोग झाला.

मामांनी मला सगळं शिकवलं, रिक्रूटाला शिकवावं तसं. रमच्या रिकाम्या बाटल्या राखेनं धुवायच्या, उकळत्या पाण्यात घालायच्या. बुचं मिरजेच्या औषधांच्या दुकानातून आणलेली, ती गरम पाण्यात भिजवून लाकडी ठोकणीनं बसवायची, वरून मेण ओतायचं. बाटली कधी उभी ठेवायची नाही, आडवीच ठेवायची. उभी ठेवली की बूच वाळतं, आकसतं, हवा आत शिरते आणि मग आतलं सगळं आंबून शिर्का होतं. खाली वाळूचा थर, त्यावर बाटल्या, दोन ओळींमध्ये पुन्हा वाळू, आणि ती वाळू नेहमी ओलसर. उजेड नको. धक्का नको. कांदा-लसूण जवळ नको. रॉकेलचा वासही नको, म्हणून मी कंदिलाऐवजी काचेत ठेवलेला करडईच्या तेलाचा दिवा घेऊन उतरायचे. आणि सगळ्यात मोठं म्हणजे, गारवा बदलता कामा नये. मामांनी पेवात एक पारा टांगला होता. एक दिवसाआड सकाळी मी उतरायचे, पारा वाचायचे, वर हाक द्यायचे, "अठ्ठ्याहत्तर." मामा वर बसून वहीत लिहून घ्यायचे. कुठं बूच वर आलंय का, कुठं वाळूला लाल डाग पडलाय का ते बघायचं, तांब्यानं पाणी शिंपडायचं आणि वर यायचं.

सुरुवातीला मला ते आवडायचं. खोटं कशाला सांगू. घरात सून म्हणून माझं काम चूल, शेण, पाणी. पेवाचं काम दुसऱ्या कुणाला येत नव्हतं. मामा माझ्याशी त्या कामापुरतं का होईना बोलायचे, आणि मी बरोबर सांगितलं की मान हलवायचे.

पण पंचमी आली. पंचमीला लेकी माहेरी जातात. माझा भाऊ न्यायला आला तेव्हा मामांनी त्याला जेवायला घातलं आणि सांगितलं की पाऊस लागलाय, पेवात पाणी झिरपेल, सूनबाई घरात पाहिजे. पेव म्हणाले, रस म्हणाले नाहीत. भावाला वाटलं ज्वारी आहे. तो एकटाच परत गेला. दिवाळीत बाटल्यांचा गाळ बघून काही बाटल्या पुन्हा भरायच्या होत्या, तेव्हाही जाणं झालं नाही. धाकट्या बहिणीच्या सुपारीला, म्हणजे लग्न ठरवायच्या बैठकीला, मला एका दिवसाची मोकळीक मिळाली. पहाटे गेले, रात्री परत. आई म्हणाली, तुला एवढी कसली घाई असते? मी म्हटलं, मामांची तब्येत बरी नसते. आईनं माझ्याकडे बघितलं आणि पुढं विचारलं नाही. तिला दुसरंच काही वाटलं असणार. तिला खरं सांगता येत नव्हतं, ह्यांनाही लिहिता येत नव्हतं, कारण पलटणीतली पत्रं कोण कोण उघडतं कुणास ठाऊक. ह्यांचं पत्र यायचं त्यात दरवेळी एक ओळ असायची, वडिलांना सांभाळ.

हळूहळू मला पेवात जायचं म्हटलं की हातपाय जड व्हायला लागले. काही झालेलं नव्हतं. शिडी तीच, दिवा तोच. पण खाली गेलं की वरचा आवाज एकदम तुटायचा. आपला श्वास आपल्याला ऐकू यायचा. वर बघितलं की तोंडाचा गोल, त्यात मामांचं डोकं. मी लवकर लवकर पारा वाचायचे. कधीकधी न वाचताच अठ्ठ्याहत्तर सांगायचे. वर आल्यावर परसातल्या उन्हात उभी राहायचे. आत्या बघायच्या, बोलायच्या नाहीत. त्या तशाही कमीच बोलायच्या. मला वाटायचं त्यांना माझं काही पडलेलं नाही.

दुसऱ्या फाल्गुनात मामांनी नवीन रस केला. त्या वर्षी ऊन लवकर चढलं. बरण्या वर फारच खदखदायला लागल्या तेव्हा त्यांनी त्यातल्या तीन दोरानं पेवात सोडायला लावल्या, म्हणजे गारव्यात त्या सावकाश होतील. त्या बरण्यांमुळे पेवातली हवा जड झाली. हे मामांना माहीत होतं. मी उतरायच्या आधी अर्धा तास फरशी बाजूला सारलेली असायची, दिवा दोरीनं खाली सोडून बघायचो, विझला नाही तर मगच मी जायचे. ही काळजी ते नेहमी घेत. ते निष्काळजी माणूस नव्हते, हे मला सांगितलंच पाहिजे.

चैत्रातली गोष्ट. सकाळचे दहा वाजले असतील. मी खाली होते, वाळूवर पाणी शिंपडत होते. वरून फटफटीचा आवाज आला. दारासमोर येऊन थांबला. मी वर बघितलं. गोलात मामांचं डोकं होतं, ते वळलं, आणि पुढच्या क्षणी फरशी सरकली. दगडावर दगड घासल्याचा आवाज झाला, माझ्या तोंडावर माती पडली आणि वरचा गोल मिटला.

मला पहिल्यांदा वाटलं मामा पडले. मग वर काहीतरी ओढल्याचा आवाज झाला. बाज. त्यांनी फरशीवर बाज ओढून ठेवली होती. मग बुटांचा आवाज आला, आणि मामांचा आवाज, नेहमीसारखा शांत, "या साहेब, बसा."

ते तालुक्याचे फौजदार होते. ते कशासाठी आले होते हे मला नंतर कळलं. दिरांची सरकारी नोकरीत निवड झाली होती आणि त्यांच्या चालचलणुकीची चौकशी करायला ते स्वतः आले होते, सुभेदारांचा मान म्हणून. पण आणीबाणीचे दिवस होते, दारात पोलीस आला की कुणीही धास्तावायचं. पेवात काय आहे ते दिसलं असतं तर दिरांची नोकरी गेली असती, मामांची पेन्शनही कदाचित. हे सगळं मला समजत होतं. म्हणून मी ओरडले नाही.

बाजेवर फौजदार बसले होते, बरोबर माझ्या डोक्यावर. बाज करकरली की बारीक माती खाली यायची. मी दिव्याकडे बघितलं. ज्योत लहान होत चालली होती. दिवा जेवढा जळेल तेवढी माझी हवा जाईल असं मला वाटलं, म्हणून मी तो फुंकून टाकला. मग काहीच दिसेना. बरण्यांमधून मधूनमधून बुडबुडा फुटल्याचा आवाज यायचा. जड हवा खाली बसते असं मामांनीच मला सांगितलं होतं. मी चाचपडत शिडी धरली आणि वर चढले. बाटलीला पाय लागू नये म्हणून एकेक पायरी पायानं आधी शोधायची आणि मग वजन टाकायचं. वरच्या पायरीवर पोचले तेव्हा डोकं फरशीला टेकलं. फरशी एका कडेला नीट बसलेली नव्हती, बोटभर फट होती. त्या फटीला मी तोंड लावून उभी राहिले. मान वाकडी, दोन्ही हात शिडीला. त्या फटीतून हवा येत होती की नाही मला माहीत नाही. येते असं मी स्वतःला सांगत होते.

वरचं सगळं ऐकू येत होतं. फौजदार निवांत माणूस होते. आधी पाण्याची चौकशी झाली, मग द्राक्षांची. मग दिरांचं शिक्षण, वागणूक. मग ते म्हणाले, थोरले चिरंजीव कुठं असतात? मामांनी सांगितलं. लग्न झालंय का? झालंय. मग सूनबाई कुठायत, दिसत नाहीत?

मामा म्हणाले, "सून म्हायेरला गेलीया. कोरेगावला. चार दिस झालं."

मी ते ऐकलं. त्यांचा आवाज जरासुद्धा हलला नाही. फौजदार म्हणाले, बरं आहे, उन्हाळ्यात जरा विश्रांती मिळते पोरींना. आणि मामा म्हणाले, "व्हय."

मी किती वेळ तशी उभी होते सांगता येणार नाही. मामा नंतर म्हणाले पाऊण तास. मला कान भरून आल्यासारखं झालं. मला भीती मरायची नव्हती. आपण पडलो तर बाटल्या फुटतील, आवाज होईल, असंच सारखं मनात येत होतं. आज ते आठवलं की मला स्वतःचीच लाज वाटते. वीस वर्षांची धडधाकट बाई मी, श्वास कोंडलेला असताना बाटल्यांचा विचार करत होते.

मग आत्यांच्या पायांचा आवाज आला. त्या मागच्या गोठ्यात होत्या, चहासाठी त्यांना बोलावलं असणार. कपबश्या ठेवल्याचा आवाज झाला. आणि मग थोडा वेळ काहीच नाही. त्यांनी बाज कुठं आहे ते बघितलं असणार. मी कुठं दिसत नाही हेही त्यांच्या ध्यानात आलं असणार. त्या आत गेल्या. मला वाटलं संपलं. पण त्या परत आल्या, आणि बादली जमिनीवर आदळल्याचा आवाज झाला.

"साहेब, उठा," आत्या म्हणाल्या. "मला हितं सारवायचं हाय."

मामा म्हणाले, आता? आत्या म्हणाल्या, "आत्ताच. सांजच्याला देवाचं हाय." आणि त्यांनी शेणकाल्याचा हात जमिनीवर मारला, बाजेच्या पायाशी. तो आवाज मला इतका जवळ आला की माझ्या तोंडावरच मारल्यासारखा वाटला. आमच्या घरात मामांसमोर आत्यांनी पाहुण्याला असं उठवावं, तेही फौजदाराला, हे मी कधी कल्पनेतही आणलं नसतं. फौजदार हसले, म्हणाले, चला सुभेदार, मळा दाखवा. बाज करकरली. बूट बाहेर गेले.

फरशी मामांनी काढली नाही. आत्यांनी काढली. मोडक्या मनगटाच्या हातात पहार धरून त्यांनी ती उचकटली. उजेड डोळ्यांत घुसला. त्यांनी मला काखेत धरून वर ओढलं आणि सारवलेल्या ओल्या जमिनीवर बसवलं. त्यांचे दोन्ही हात शेणानं भरलेले होते, माझ्या चोळीला, गालाला सगळीकडे शेण लागलं. मला ओकारी आली, तेव्हा त्यांनी माझं कपाळ धरलं.

मामा परत आले तेव्हा मी चुलीपुढं बसले होते. ते दारात उभे राहिले. म्हणाले, बरी हायस न्हवं? मी मान हलवली. ते गेले. त्या दिवशी त्यांनी वही उघडली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते मळ्यात गेल्यावर मी माझी ट्रंक काढली. आत्यांनी बघितलं. खाली ऐकलेलं सगळं मी त्यांना रात्रीच सांगितलं होतं. त्यांनी भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी फडक्यात बांधली आणि माझ्या हातात दिली. मी म्हणाले, मामांना काय सांगाल? त्या म्हणाल्या, त्यांनीच काल सांगितलंय की तू म्हायेरला गेलीस.

मी एसटीनं भिलवडी स्टेशनला गेले आणि तिथून पॅसेंजरनं कोरेगावला. ट्रंक घेऊन एकटी सून दारात उभी राहिली की काय होतं ते ज्यांनी बघितलंय त्यांना सांगायला नको. वडिलांनी पहिलं विचारलं, एकटीच आलीस? भावाला वाटलं मला घालवून दिली. आईनं माझे दंड, पाठ उघडून बघितली, कुठं वळ आहेत का. वळ नव्हते. त्यामुळे तर कुणालाच काही कळेना. सासरा मारतो का? नाही. सासू उपाशी ठेवते का? नाही. मग झालं काय? मी सांगू शकत नव्हते. सांगितलं असतं तर भावाच्या तोंडून ते गावभर झालं असतं, आणि दिरांची नोकरी अजून पक्की व्हायची होती. मी म्हणायचे, मला इथं राहावंसं वाटलं. असं उत्तर आमच्याकडे चालत नाही. शेजारणी येऊन बसायच्या, मी उसाच्या कडेनं निघून जायचे. ज्या घरासाठी वर्षभर तळमळले होते त्या घरात मी चोरासारखी राहत होते. आणि एक झालं होतं, मला दार लावलेल्या खोलीत बसता येत नव्हतं. न्हाणीचं दारसुद्धा मी थोडं उघडं ठेवायचे. आई ओरडायची.

तीन आठवड्यांनी मामा आले. एसटीनं, गुडघा ताठ धरून, हातात छत्री. वडील शेतात होते. आईनं त्यांना ओसरीवर बसवलं, पाणी दिलं आणि ती आत गेली. मामा म्हणाले, बस. मी खांबाला टेकून खाली बसले.

ते इकडचं तिकडचं काही बोलले नाहीत. ते म्हणाले, कैदेतून पळाल्यावर एका इटालियन शेतकऱ्यानं त्यांना ठेवून घेतलं होतं. त्याच्या घराखाली विनोचं तळघर होतं. तिथं ते सात महिने होते. जर्मन शिपाई गावात आले की शेतकऱ्याची बायको वरची फळी बंद करायची आणि त्या फळीवर बसून मक्याची कणसं सोलायची. खाली हे आणि पिंपं. एकदा शिपाई दिवसभर वरच बसून राहिले. त्या दिवशी मामांना वाटलं होतं की आपणच वर जाऊन हात वर करावेत. गोळी घातली तरी चालेल, पण हे नको.

"ते लोक बाटल्या कशा ठेवतात तेवढं मी बघत बसायचो," ते म्हणाले. "दुसरं काय करणार? घरी आलो तवा तेवढंच ध्यानात ठेवायचं ठरवलं. बाकीचं इसरायचं. आन मग तुझ्यावर फरशी सारताना माझा हात जरासुदिक थांबला न्हाई, पोरी. त्याचं मला लय भ्या वाटलं."

असं बोलताना ते माझ्याकडे बघत नव्हते, अंगणातल्या गोठ्याकडे बघत होते. मी पदर सावरून बसले होते. सासऱ्याशी कसं बोलावं याचे नियम मला पाठ होते, पण त्यातला एकही त्या वेळी उपयोगाचा नव्हता.

मी म्हणाले, "मामा, तुमी त्यास्नी सांगितलं मी म्हायेरला गेलीया. मला खाली ऐकू आलं."

"व्हय."

"वरीस झालं मला हितं ऱ्हायला मिळालं नव्हतं."

त्यांनी मान खाली घातली. मग मी सांगितलं की मी पुन्हा पेवात उतरणार नाही. ते म्हणाले, पेव बुजवलं. दिरांनी सगळ्या बाटल्या वर काढल्या आणि दोघांनी मिळून पेवात मुरूम भरला. मी विचारलं, बाटल्या कुठं ठेवल्या? ते म्हणाले, हायत्या वरच.

मृगाच्या आधी मी परत गेले. माजघराच्या कोपऱ्यात ओल्या वाळूत, ओल्या गोणपाटाखाली बाटल्या ठेवलेल्या होत्या. वैशाखातलं आमच्याकडचं ऊन गोणपाटाला काय जुमानतं. रोज सकाळी एक-दोन बुचं वर आलेली असायची, वाळूवर लाल डाग असायचा. मामा ती बाटली काढायचे, वास घ्यायचे आणि परसात नेऊन उकिरड्यावर ओतायचे. मला त्यांनी एकदाही कोपऱ्याकडे बघायला सांगितलं नाही. दीडशेच्या आसपास होत्या त्यातल्या अकरा राहिल्या. दिवाळीत हे सुट्टीवर आले तेव्हा मामांनी एक उघडली. ह्यांना दिली, मग एका वाटीत घोटभर ओतून माझ्यापुढं सरकवली. आत्या समोरच होत्या. मी प्यायले. जांभळाची साल चघळल्यासारखं तोंड आवळलं. मामांनी विचारलं, कशी हाय? मी सांगितलं, मला आवडली नाही. ते म्हणाले, नीट ठेवली गेली नाही, आणि उरलेली त्यांनी सावकाश संपवली.

दुसऱ्या वर्षी ह्यांना छावणीत कुटुंबासाठी क्वार्टर मिळालं आणि मी जायची तयारी करायला लागले. आत्या डब्यात चटणी दाबून भरत होत्या. मी त्यांना विचारलं, त्या दिवशी तुम्हाला भीती नाही का वाटली, फौजदाराला उठवताना? त्या डबा भरत राहिल्या. म्हणाल्या, मनगट मोडायच्या आधी त्याच पेवात त्या वीस वर्षं ज्वारी काढायला उतरत होत्या. दोनदा दिवा विझला होता. एकदा शिडीवरून पडल्या, तेव्हाच ते मनगट गेलं.

"मी बी एकदा म्हायेरला निघून गेली हुती," त्या म्हणाल्या. "मला आणायला कोण आलं न्हाई. माझी मीच परत आली."

मला ते माहीत नव्हतं. ह्यांनाही नव्हतं.

पुढच्या हिवाळ्यात मी छावणीतून आले ती आत्यांना न्यायला. मामांना आधी कळवलं नव्हतं. आत्यांनी दोन लुगडी पिशवीत घातली आणि चपला पायात सरकवल्या, एवढीच त्यांची तयारी. मामा मिरजेपर्यंत आम्हाला पोचवायला आले. गाडी लागली, आम्ही चढलो, आत्या खिडकीशी बसल्या. मामा फलाटावर उभे होते. त्यांनी विचारलं, किती दिसांनी येणार?

आत्या म्हणाल्या, "बघू."